कावळ्याची फाईल

आमचे सभापती गेणूआबा रोज सकाळी कचेरीच्या पायरीवर चपला झटकत एकच प्रश्न विचारायचे, "भाऊसाहेब, उद्या कुनाचा दहावा हाय?"

भाऊसाहेब म्हणजे मी. कर्जतच्या पंचायत समितीत मी तेव्हा बांधकामाच्या टेबलावर कारकून होतो. नगरहून नुकताच बदलून आलो होतो. पहिल्या दिवशी गोंधळून मी म्हणालो, "बघून सांगतो." आता हे कुठं बघायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं. शेवटी शिपायानं बाजूला घेऊन सांगितलं की तालुक्यातले चार न्हावी धरून ठेवा. दहाव्याला मुंडण असतं, त्यामुळे कुठल्या गावी कधी दहावा आहे हे न्हाव्याइतकं नक्की कुणालाच माहीत नसतं. सरकारी नोकरीत मी शिकलेली पहिली गोष्ट ही.

आबा साठीच्या आसपासचे. धोतर, सदरा आणि पांढरी टोपी. टोपी इतकी घट्ट बसवलेली असे की खाली केस आहेत की नाहीत यावर कचेरीत दोन तट होते. आवाज मोठा, पण बोलणं संथ. लग्नाच्या पत्रिका त्यांच्याकडे ढिगानं यायच्या आणि ते त्या उशाखाली ठेवून झोपायचे. लग्नाला मात्र जायचे नाहीत.

"लग्नात आपल्याकडं कोन बघतं?" ते म्हणायचे. "समद्यांचं ध्यान नवरीकडं आन् जेवनाकडं. न्हाई गेलं तरी चालतं. दहाव्याला न्हाई गेलं की मानूस तीन पिढ्या ध्यानात ठेवतो."

त्यामुळे सकाळी सातला सीना नदीच्या वाळवंटात कुठं ना कुठं आबांची जीप उभी असायची. जीप उस्मानभाई चालवायचे. उस्मानभाई आमच्यात सर्वांत कमी बोलणारे. ते जीपजवळच उभे राहायचे आणि डोळ्यांवर हात धरून आजूबाजूच्या बाभळी न्याहाळायचे. कावळे कुठल्या झाडावर आहेत, किती आहेत, पोट भरलेले आहेत की उपाशी, हे ते लांबूनच सांगत. आमच्या तालुक्यात एवढं पक्षिज्ञान दुसऱ्या कुणाला असेल असं मला वाटत नाही.

दहाव्याला आबांचं श्रद्धांजलीचं भाषण ठरलेलं. गेलेला माणूस कसाही असो, आबांच्या भाषणात तो "अत्यंत मनमिळाऊ" असायचा. ज्यानं भावकीत सोळा वर्षं बांधाची भांडणं केली तोही मनमिळाऊ. एकदा घाईत त्यांनी गेलेल्या माणसाऐवजी त्याच्या धाकट्या भावाचं नाव घेऊन भाषण सुरू केलं. भाऊ समोरच बसलेला, ताजं मुंडण केलेला. लोक चुळबुळ करू लागले. मी आबांचा सदरा ओढला. आबा थांबले, जीभ चावली आणि माफी मागू लागले. तेव्हा तो भाऊच हात जोडून म्हणाला, "आबा, ऱ्हाऊ द्या. चांगलं चाललंय. माझ्या येळंला तुमी असाल नसाल, हुऊन जाऊ द्या."

आबांनी ते भाषण पुरं केलं.

जिवंत माणसांशी बोलताना आबांचं एक पालुपद होतं, "झालंच म्हनून धरा." रस्ता मागायला कुणी आलं, झालंच म्हणून धरा. शाळेला मास्तर हवा, आलाच म्हणून धरा. लोकांना या वाक्याची चांगली सवय होती. आबांनी "झालंच म्हनून धरा" म्हटलं की ते काम व्हायचं नाही, असं समजून माणसं घरी जायची आणि दुसऱ्या उद्योगाला लागायची. कुणी रागवायचं नाही. सभापतींकडून निदान नक्की उत्तर तरी मिळतं, असं मिरजगावचा एक व्यापारी मला म्हणाला होता.

पण मेलेल्या माणसाला दिलेला शब्द आबांनी कधी मोडला नाही. हे प्रकरण ते साधे सरपंच होते तेव्हा सुरू झालं. त्यांच्या हिवरदऱ्यात तात्या नावाचे एक म्हातारे वारले. दहाव्याला पिंड ठेवला, पण कावळा काही शिवेना. ऊन चढलं. मुलांनी सगळं कबूल करून पाहिलं, "तात्या, बहिणीला अंतर देनार न्हाई, बैल इकनार न्हाई." कावळा बाभळीवर बसून चोच पुसत राहिला. आबांना आठवलं की तात्या दहा वर्षं ओढ्यावरच्या मोरीसाठी अर्ज करत होते. पावसाळ्यात ओढा भरला की पलीकडची पोरं शाळेला मुकायची. आबा पुढे झाले, हात जोडले आणि म्हणाले, "तात्या, मोरी करतो."

कावळा उतरला.

त्या दिवशी लोकांनी कावळ्याकडे कमी आणि आबांकडे जास्त पाहिलं. आबांनी झेडपीत खेटे घालून सहा महिन्यांत मोरी केली आणि पुढच्या निवडणुकीत ते पंचायत समितीवर गेले. तेव्हापासून जिथं कावळा अडेल तिथं लोक आबांकडे बघू लागले, आणि आबांना प्रत्येक मेलेल्या माणसाचं मागणं ठाऊक असायचं. अमक्याला देवळापुढं फरशी हवी होती, तमकीला पाणवठ्याला पायऱ्या. कावळ्यापुढं ते "झालंच म्हनून धरा" कधी म्हणायचे नाहीत. तिथं एकच शब्द, "करतो."

आणि मग माझ्याकडे वळून, "भाऊसाहेब, लिव्हा."

यासाठी माझ्या टेबलावर एक वेगळी फाईल होती. वरती मी "मा. सभापतींची तोंडी आश्वासने" असं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, पण बीडीओ साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे तिला कावळ्याची फाईल म्हणायचे. त्यात चार रकाने होते. गाव, मयताचं नाव, काम, काम पूर्ण झाल्याचा दिनांक. आमच्या कचेरीत शेवटचा रकाना भरलेली फाईल ही एवढीच. बीडीओ साहेब शिकलेले गृहस्थ होते. "कावळ्याच्या शिफारशीवरून कामं मंजूर करणारी ही राज्यातली एकमेव समिती असेल," असं ते म्हणायचे आणि सही करायचे.

कावळा खरंच आबांच्या शब्दावर उतरायचा का? मी उस्मानभाईंना विचारलं होतं. ते म्हणाले, "आबा पुढं जानार म्हनलं की मानसं वीस पावलं मागं सरत्यात आन् गप ऱ्हात्यात. मग कावळा येतोच की." मग हळूच म्हणाले, "आबांना सांगू नका."

आता ही गोष्ट गावोगाव पसरल्यावर व्हायचं ते झालं. खडकाळवाडी म्हणून एक गाव आहे, तिथल्या लोकांना शाळेला खोली हवी होती आणि हमरस्त्यापर्यंत रस्ताही हवा होता. तिथं एक म्हातारी वारली. दहाव्याला आम्ही गेलो. घास ठेवला, माणसं मागं सरली, सगळं शांत झालं, आणि एकही कावळा नाही. आबा हात जोडून म्हणाले, "आजी, नातवाच्या शाळेला खोली करतो." तरी नाही. तासभर गेला. गावकरी गंभीर तोंड करून म्हणाले, "आबा, म्हातारीला रस्त्याचंबी लई वाटायचं."

तेवढ्यात पलीकडच्या झाडीतून उस्मानभाई एका माणसाचं मनगट धरून घेऊन आले. त्याच्या हातात गोफण होती. आणखी दोघं झाडावर होते म्हणे, ते पळाले. सकाळपासून कावळे हाकलायची पाळी लावली होती. खोली कबूल झाली की थांबायचं असं आधी ठरलं होतं, पण मग रस्त्याचा मोह पडला.

मला वाटलं, आता आबा तडकणार. आबांनी गोफणवाल्याकडे पाहिलं, पिंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "खोली करतो. म्हातारीफुडं बोललोय. रस्ता न्हाई. रस्ता तुमी मागितलाय."

खोली झाली. रस्ता झाला की नाही, मला माहीत नाही. मी असेपर्यंत तरी झाला नव्हता.

आबांच्या घरी मी कागदांवर सह्या घ्यायला जायचो, ते सकाळी सहाला. त्यानंतर ते घरी सापडायचे नाहीत. त्यांच्या पत्नीला, सोनाबाईंना, आम्ही सगळे काकी म्हणायचो. ठेंगणी, चपळ बाई, दाताला मिश्री आणि जिभेला धार. त्यांना एकच मुलगी, ती जामखेडला दिलेली. घरात दोघंच. मला चहा देताना काकी म्हणायच्या, "तुमी नशिबवान. तुमाला ह्ये रोज भेटत्यात. मला ह्यांची गाठ घ्यायची तर मरावं लागंल." हे म्हणून त्या स्वतःच हसायच्या. आबाही हसायचे, मीही हसायचो.

जीप सुरू झाली की काकी अंगणातून रस्त्यापर्यंत यायच्या आणि विचारायच्या, "सांजच्याला जेवायला?"

"आलोच म्हनून धर," आबा म्हणायचे.

मी तीन वर्षांत हे किती वेळा ऐकलं असेल सांगता येत नाही. इतकं नेहमीचं झालं होतं की कानावर पडायचंसुद्धा नाही. रात्री कितीही उशीर झाला तरी शिंक्यात भाकरी आणि खाली झाकलेलं कोरड्यास असायचं, असं उस्मानभाई सांगत. काकी न जेवता भिंतीला टेकून झोपलेल्या असत.

बहात्तरच्या निवडणुकीच्या आधी आबांच्या मनात आमदारकीचं आलं. त्यात गैर काही नव्हतं. मेहनत होती, नाव होतं. पण आमदारकीचं मनात आलं तशी दहाव्यांची हद्द वाढली. आता जामखेडकडचे दहावेही आले. पहाटे चारला जीप निघायची. उस्मानभाईंना अनोळखी बाभळी अभ्यासाव्या लागल्या. मी चार न्हाव्यांचे नऊ न्हावी केले.

त्या हिवाळ्यात काकींना ताप आला. साधाच वाटला. मी पहाटे गेलो तेव्हा त्या घोंगडी पांघरून अंगणापर्यंत आल्या होत्या. विचारलंच त्यांनी, "सांजच्याला?" आबा जीपमध्ये बसत म्हणाले, "आज आलोच म्हनून धर. तू पडून ऱ्हा."

चौथ्या दिवशी काकी गेल्या. सकाळी आठची वेळ होती. आबा तेव्हा जामखेडजवळ एका गावी कुणाचं तरी मनमिळाऊपण सांगत होते. निरोप घेऊन माणूस तिथं पोचला, पण भाषण चालू होतं म्हणून तो संपेपर्यंत थांबला. आमच्याकडे भाषणात मध्ये बोलायची रीत नाही.

काकींच्या दहाव्याला सीनेच्या वाळवंटात जेवढी माणसं जमली तेवढी मी नंतर कुठल्या सभेलाही पाहिली नाहीत. आबा ज्यांच्या ज्यांच्या दहाव्याला गेले होते ती सगळी घरं आली होती. नगरहून जिल्ह्याचे पुढारी आले होते, ज्यांच्या शब्दावर तिकिटं ठरायची. मुलगा नसल्यानं क्रिया आबांनीच केली. मुंडण झालं, आणि कचेरीतल्या दोन्ही तटांनी आबांचं डोकं पहिल्यांदा उघडं पाहिलं. ते लहान दिसत होतं.

पिंड ठेवला. पुरणपोळी ठेवली. मिश्रीची डबी ठेवली. सगळी माणसं सवयीनं वीस पावलं मागं सरली. बाभळीवर तीन कावळे होते, ते उस्मानभाईंनी मला खुणेनं दाखवले. एकही हलला नाही.

आबा पुढे झाले. मी फाईल घेऊन त्यांच्या मागं, नेहमीच्या जागी उभा राहिलो.

"सोने, तुझ्या माहेरात हीर करतो," आबा म्हणाले.

कावळे बसून राहिले.

"लेकीला शिवनाचं मशीन घेऊन देतो."

काही नाही.

"देवीच्या देवळाला पत्रं टाकतो. सोने, करतो म्हनलं ना."

ऊन चांगलंच चढलं होतं. आबा बराच वेळ त्या झाडाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले आणि हलक्या आवाजात विचारलं, "भाऊसाहेब, हिला काय पायजे हुतं?"

साऱ्या तालुक्यातल्या मेलेल्या माणसांचं मागणं तोंडपाठ असलेला हा माणूस. मला उत्तर माहीत होतं. पण ते सांगायला माझी जीभ उचलेना. मी मान खाली घातली, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

तेव्हा उस्मानभाई जीपपासून निघाले. ते एरवी पिंडाच्या बाजूला येत नसत. त्या दिवशी त्यांनी चपला काढल्या, वाळू तुडवत आबांच्या जवळ आले आणि म्हणाले, "आबा, काकी रोज सकाळी काय इचारायच्या?"

आबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांनी पुन्हा हात जोडले. या वेळी आवाज सभेतला नव्हता, घरातला होता.

"सोने, सांजच्याला जेवायला येतो. रोज येतो."

कावळ्यांतला एक उडाला, घिरटी घेतली आणि पुन्हा त्याच फांदीवर जाऊन बसला. आम्ही आणखी बराच वेळ थांबलो. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला आणि आबांकडे बघितलं.

"करा तुमी तुमचं, गुरुजी," आबा म्हणाले. "ती न्हाई धाडायची कावळा. तिला माझी बोली म्हाईत हाय. आधी मी येतो का त्ये बघंल."

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "लिव्हा, भाऊसाहेब."

मी आधीच्या तीन कामांखाली लिहिलं. गाव हिवरदरे. मयताचं नाव सोनाबाई. काम, रोज संध्याकाळी घरी जेवण.

नंतर भाषणं झाली. जिल्ह्याच्या पुढाऱ्यांनी काकी अत्यंत मनमिळाऊ होत्या असं सांगितलं.

महिन्याभरात तिकिटाची बैठक नगरला भरली. आबांचं नाव वर होतं, असं सगळेच म्हणत. बैठक लांबली. चार वाजले, साडेचार वाजले. आबांनी खिडकीतून ऊन कुठवर आलंय ते पाहिलं आणि उठले. पुढारी म्हणाले, "आबा, बसा की. आता तुमच्याच नावावर येतोय."

"माझं दुसरीकडं कबूल हाय," आबा म्हणाले आणि जिना उतरले. उस्मानभाईंनी गाडी लावलेलीच होती. दिवस मावळायच्या आत ते हिवरदऱ्यात होते. तिकीट दुसऱ्याला मिळालं. आबांचं डोकं फिरलं असं काही लोक म्हणाले, आणि माझ्यासकट काही लोकांनी त्यांना उत्तर दिलं नाही.

त्या उन्हाळ्यात आबांची सभापतीपदाची मुदत संपत आली. पाऊस आधीच्या सालीही नव्हता, गावोगाव खडी फोडायची कामं निघाली होती. आबा दिवसभर त्या कामांवर उन्हात हिंडायचे, आणि ऊन उतरलं की जिथं असतील तिथून उठायचे. बीडीओ साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "नवे सभापती यायच्या आत ती कावळ्याची फाईल बंद करा. एकही रकाना रिकामा नको."

काकींपुढं कबूल केलेली विहीर, मशीन आणि पत्रे यांचेही दिनांक भरून झाले होते, एकच रकाना रिकामा होता. मी फाईल घेऊन संध्याकाळी हिवरदऱ्याला गेलो. तीन वर्षांत आबांच्या घरी संध्याकाळी जायची माझी ती पहिलीच वेळ.

आबा चुलीपुढे बसून भाकरी थापत होते. पीठ कोपरापर्यंत गेलं होतं. "या, भाऊसाहेब," म्हणाले. "गोल व्हत न्हाई अजून. पर भाजती चांगली." भाकरी एका बाजूनं लांबट झाली होती. त्यांनी तिचा तुकडा मोडला, वर कोरड्यास घातलं आणि बाहेर जाऊन अंगणाच्या भिंतीवर ठेवला. भिंतीवर एक कावळा आधीच येऊन बसला होता. तो उडाला नाही. जरा बाजूला सरकला आणि घास घेऊन गेला.

"कधीपासून येतो?" मी विचारलं.

"अडीच म्हैनं आला न्हाई. रोज ठिवायचो, रोज मुंग्या खायच्या." आबा हात धूत म्हणाले. "मग एक दिस आला. आता माझ्याआधी येऊन बसतो."

त्यांनी माझ्यासाठीही ताट घेतलं. म्हणाले, "बसा. एकट्याला घास जात न्हाई, भाऊसाहेब. तिला कसा जात आसंल इतकी वरसं?"

आम्ही जेवलो. भाकरी खरंच चांगली भाजली होती. जेवण झाल्यावर मी फाईल उघडली आणि तो शेवटचा रकाना त्यांना दाखवला. म्हणालो, "आबा, कावळा तर शिवला. आता इथं पूर्ण म्हणून लिहू का?"

आबांनी भिंतीकडे पाहिलं. तिथं आता काही नव्हतं.

"न्हाई," ते म्हणाले. "चालू हाय म्हनून लिव्हा."